बरोक : बेढब मोत्याची कला

एखादी वास्तू वेलबुट्टी, सोनेरी मुलामा आणि गुबगुबीत देवदूतांनी भरलेली दिसली की तिला ‘बरोक’ म्हणून मोकळे होण्याची प्रवृत्ती सर्रास आढळते. वास्तविक अलंकरणाचा सोस हे या शैलीचे सर्वांत ढोबळ आणि सर्वांत फसवे लक्षण होय. काराव्हाद्जोच्या कित्येक चित्रांची पार्श्वभूमी म्हणजे निव्वळ काळोख. अलंकार तेथे नावालाही नाही. तरीही बरोक चित्रकलेचा आद्य प्रवर्तक म्हणून त्याचेच नाव घेतले जाते.

बेढब मोत्याला पोर्तुगीज भाषेत ‘बारोको’ म्हणतात. त्यावरून हे नाव आले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अठराव्या शतकातील अभिजातवादी समीक्षकांनी ते हेटाळणीच्या सुरात वापरले. स्वतंत्र शैली म्हणून बरोकला प्रतिष्ठा मिळवून देण्यात हाइनरिख व्होल्फ्लिन या स्विस कला-इतिहासकाराचा वाटा मोठा आहे. प्रबोधनकाळातील कला रेषेने विचार करते, तर बरोक कला छायाप्रकाशाने. पहिली आपल्या चौकटीत सुखाने सामावते, दुसरी चौकटीबाहेर धाव घेते, असा त्याच्या १९१५ मधील विवेचनाचा गाभा होता.

हा भेद उमगण्यासाठी डेव्हिडची तीन शिल्पे शेजारी कल्पून पाहावीत. दोनातेल्लोचा ब्राँझचा डेव्हिड विजयानंतरचा आहे. गोलायथचे छाटलेले शिर त्याच्या पायाखाली आहे. मायकेलअँजेलोचा डेव्हिड (१५०१-०४) युद्धापूर्वीचा. तो निश्चल उभा राहून शत्रूला न्याहाळतो. बेर्नीनीचा डेव्हिड (१६२३-२४) मात्र ऐन क्षणातला. कमरेत पिळवटलेले शरीर, ताणलेली गोफण, दातांखाली घट्ट आवळलेला ओठ! पुढच्याच निमिषात दगड सुटणार. शत्रू शिल्पात कोठेच नाही. तो प्रेक्षकाच्या पाठीमागे कोठेतरी उभा असावा, अशी जाणीव होते आणि प्रेक्षक नकळत बाजूला सरकतो. कृतीचा परमोच्च क्षण पकडणे आणि शिल्पाभोवतीची मोकळी जागाही नाट्यात ओढून घेणे, ही बरोक शिल्पाची खरी खूण आहे. रोममधील बोर्गेझे संग्रहालयात हे शिल्प आहे. तेथेच त्याचे ‘अपोलो आणि डाफ्नी’ (१६२२-२५) पाहावयास मिळते. त्यात पळणाऱ्या तरुणीच्या बोटांना पालवी फुटते आहे आणि संगमरवराची पाने कागदासारखी पातळ कोरलेली आहेत. दगड हा दगड वाटू नये, यासाठी केलेला हा अट्टाहास आहे.

रोमच्याच सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया चर्चमधील कोर्नारो प्रार्थनागृहात (१६४७-५२) बेर्नीनीने याहून पुढची मजल मारली. संत तेरेसा ढगावर मूर्च्छित पडली आहे आणि स्मितवदन देवदूताने तिच्यावर बाण रोखला आहे. वरून ब्राँझचे सोनेरी किरण कोसळतात. प्रेक्षकाला न दिसणाऱ्या खिडकीतून त्यांच्यावर खराखुरा उजेड पडतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींत कोर्नारो घराण्यातील पुरुष नाट्यगृहाच्या सज्जात बसावे तसे कोरलेले आहेत. वास्तू, शिल्प, रंगीत दगड आणि प्रकाश हे सारे एकाच प्रयोगातले नट! तेरेसाच्या चेहऱ्यावरील भाव ईश्वरी की ऐहिक, हा वाद मात्र आजही मिटलेला नाही.

चित्रकलेत हेच काम प्रकाश करतो. रोमच्या सान लुइजी देइ फ्रान्चेझी चर्चमधील काराव्हाद्जोचे ‘संत मॅथ्यूला पाचारण’ (१५९९-१६००) हे त्याचे उत्तम उदाहरण. अंधाऱ्या खोलीत काही माणसे पैसे मोजत बसली आहेत. उजवीकडून ख्रिस्त हात उचलतो आणि त्याच्या माथ्यावरून तिरपी तिरीप आत शिरते. प्रार्थनागृहाची खरी खिडकीही त्याच बाजूला आहे. माणसांचे कपडे बायबलकालीन नाहीत, चित्रकाराच्या समकालीन रोममधले आहेत. मॅथ्यू नेमका कोण, दाढीवाला की मान खाली घातलेला तरुण, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

या साऱ्या नाट्यामागे तितकेच मोठे कारण होते. प्रॉटेस्टंट सुधारकांनी चर्चमधील मूर्ती आणि चित्रांवर हल्ला चढवला होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रतिमांचे समर्थन केले. अक्षरशत्रू भाविकालाही कळतील, भिडतील आणि धर्मात टिकवून ठेवतील, अशी चित्रे चर्चला हवी होती. काराव्हाद्जोने ती दिली. पण कधीकधी मागणीपेक्षा जास्तच. त्याच्या ‘कुमारी मातेचा मृत्यू’ या चित्रातील मेरी सुजलेल्या पोटाची आणि उघड्या पायांची, खरोखरीची मृत स्त्री वाटते. ज्या चर्चसाठी ते काढले, त्याने ते नाकारले. पुढे रूबेन्सच्या शिफारशीवरून मांतुआच्या ड्यूकने ते विकत घेतले. आज ते लूव्हर संग्रहालयात आहे.

रूबेन्सची ओळख पटते ती कर्णरेषेवरून. अँटवर्पच्या कॅथीड्रलमधील त्याच्या ‘क्रूस उभारणी’त (१६१०-११) पीळदार देहांचा ढिगारा तिरप्या क्रूसाशी झुंजताना दिसतो. प्रॉटेस्टंट हॉलंडमध्ये चर्चऐवजी व्यापारी आणि नगररक्षक हे आश्रयदाते झाले. विषय बदलले, छायाप्रकाश राहिला. रेम्ब्रँटचे ‘नाइट वॉच’ (१६४२) हे रात्रीचे दृश्यच नव्हे. काळवंडलेल्या रोगणामुळे त्याला ते नाव पडले.

मराठी वाचकाला ही शैली पाहण्यासाठी युरोप गाठण्याची गरज नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकात, १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या त्या वास्तूत, सोन्याने मढवलेली भव्य वेदी आहे. तेथे संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधीही आहे. तिची रंगीत दगडांची चौथऱ्यासारखी बैठक फ्लोरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जीनी याची. ती तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने पाठवली आणि १६९८ मध्ये येथे उभी राहिली. बैठकीवरील ब्राँझच्या चार फलकांत संतांच्या जीवनातील प्रसंग आहेत, तर वरची चांदीची पेटी त्याआधीची, गोव्यातील कारागिरांनी घडवलेली आहे.