नागपूरची पत्रे मेणवलीत कशी गेली? (थ्रेड)

कोराडीत राहून अठराव्या शतकातील नागपूरकर भोसल्यांवर काही लिहायचे ठरवले, तर मूळ पत्रांसाठी सुमारे सातशे किलोमीटर दूर पुण्याचे डेक्कन कॉलेज गाठावे लागते. कचेरीची फाइल आपण सहज आपल्या खासगी गूगल ड्राइव्हवर टाकतो ना, या प्रवासाचे मूळ तशाच एका सवयीत आहे.

पुणे दरबाराचे वकील नागपुरास असत. दरबारात कोण रुसले, फौज कोणीकडे निघाली, हे ते नाना फडणीसांना कळवीत. फडणीशी म्हणजे हिशेब आणि दफ्तर यांची जबाबदारी. सरकारी कागदांची राखण ज्याच्याकडे, त्याच्याच खासगी संग्रहात ही राजकारणाची पत्रे साठली. वाईजवळ कृष्णाकाठच्या मेणवलीच्या वाड्यात तो संग्रह राहिला. याला अपहार म्हणणे मला पटत नाही. कारभाऱ्याचे घर आणि कचेरी यांच्यामध्ये तेव्हा आजच्यासारखी भिंतच नव्हती.

१८०० साली नाना वारले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि सरकारी दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले. १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला, १८६४ मध्ये नागपूरचा राजवाडा. मेणवलीचे रुमाल मात्र टिकले. (दफ्तराचे कागद ज्या कापडात बांधत, तो रुमाल!)

पण घरात टिकलेला कागद घरधन्याच्या मर्जीचा होतो. पुढे द. ब. पारसनीसांनी हे दफ्तर मिळवले. त्यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ साली डेक्कन कॉलेजात आला. त्र्यं. शं. शेजवलकरांनी त्यातून निवडलेल्या नागपूरविषयक पत्रांचे दोन खंड १९५४ आणि १९५९ साली निघाले. नानांच्या मृत्यूनंतर तब्बल दीडशे वर्षांनी!

रुमालाची गाठ कोणालाही सोडता येते. कर्मचाऱ्याच्या खासगी खात्यातील फाइल त्याच्या पासवर्डमागे राहते, आणि तिची प्रत कोणत्या देशातील सर्व्हरवर आहे हे त्यालाही ठाऊक नसते. केंद्र सरकारचे दस्तऐवज परवानगीविना देशाबाहेर नेण्यास १९९३ च्या कायद्याने मनाई आहे. खासगी क्लाउडवर फाइल चढवताना हे किती जणांच्या मनात येते?

मूळ पत्रे मोडीत आहेत. शेजवलकरांचे खंड ‘नागपूर अफेअर्स’ या नावाने शोधावेत. नाव इंग्रजी असले तरी आतील पत्रे मराठीच आहेत.