ओढ्याकाठचं रोशा तेल आणि फडताळातली बाटली

आपल्या हट्ट्याच्या शिवारात हळद शिजायला लागली की कुणाच्या रानात काम चालू आहे हे घरात बसून कळतं. तो वास येतो कुठून? हळदीत एक हलकं तेल असतं. ते वाफेबरोबर निघतं आणि हवेत उडून जातं. ती वाफ नळीतून नेऊन गार केली, तर पाण्यावर या तेलाचा पातळ थर तरंगतो. आजकाल ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणून इवल्या बाटल्यांत महाग विकतात, ती तेलं बहुतेक अशीच काढलेली असतात.

हे काही परदेशातून आलेलं नवं ज्ञान नाही. दीडशे वर्षांमागे आपल्या खानदेशात रोशा गवताचं तेल काढण्याचा मोठा धंदा होता. पावसाळा सरता सरता गवत फुलावर आलं की डोंगरातले भिल्ल ते कापून आणत आणि तेल काढणारे कारागीर विकत घेत. भट्टी मांडायची ती ओढ्याच्या काठी, कारण वाफ गार करायला वाहतं पाणी हवं. तांब्याच्या मोठ्या भांड्यात गवत नि पाणी घालून तोंड लिंपून घ्यायचं, खाली जाळ घालायचा आणि वाफ नळीतून पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात सोडायची. गवताच्याही दोन जाती, मोतिया आणि सोफिया. मोतियाचं तेल गुलाबासारखं वासाचं, म्हणून त्याला भाव जास्त.

गावाकडे हे तेल दुखऱ्या सांध्यांना चोळायला वापरत. पण बराचसा माल मुंबईच्या बंदरातून अरबस्तान आणि तुर्कस्तानाकडे जाई. तिकडे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत. गंमत अशी की भेसळीसाठी जाणाऱ्या या तेलातच इकडचे व्यापारी टर्पेंटाइन नि खोबरेल मिसळत! म्हणजे सुगंधी तेलातली फसवणूकही जुनीच. एक साधी परीक्षा सांगते. कागदावर थेंब टाकून वाळू द्या. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल मिसळलेलं असेल तर तेलकट डाग मागे राहतो. टर्पेंटाइन मात्र यात पकडता येत नाही, ते स्वतःच उडून जातं.

आता यातलं प्रमाण बघा. शंभर किलो ताज्या रोशा गवतातून तेल निघतं अर्ध्या किलोच्या आसपास. आपल्या आजीची ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून छातीला लावली जाई, तेव्हा बाळाला मिळायचा नुसता दरवळ. बाटलीत मात्र ढीगभर पाला थेंबाथेंबात उतरलेला असतो. आजीच्या पुरचुंडीवरून बाटलीचा अंदाज बांधायला गेलं की घात होतो.

‘अरोमाथेरपी’ हा शब्द रूढ केला फ्रान्सच्या रेने-मोरिस गातफोसे या रसायनतज्ज्ञाने, त्याचं त्या नावाचं पुस्तक 1937 सालचं. तेव्हापासून या तेलांना औषधाची प्रतिष्ठा आली. ती काही अगदीच खोटी नाही. सर्दीत निलगिरीच्या वासाने मोकळं वाटतं, दुखऱ्या गुडघ्याला चोळल्याने थोडा आराम पडतो. पण न्यूमोनिया, दमा किंवा ताप यांवर हा इलाज नव्हे. 2021 मध्ये कोरोनाच्या लाटेत कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगली की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असे निरोप मोबाइलवर फिरत होते. त्यात तथ्य नव्हतं.

सगळ्यात जास्त काळजी कापराची. अमेरिकेत खूप वर्षं कापूर विरघळवलेलं तेल दुकानात मिळे. त्याची बाटली एरंडेलाची समजून आयांनी मुलांना पाजल्याचे प्रकार घडले, मुलांना झटके आले, काही दगावलीही. शेवटी 1982 साली तिथल्या सरकारने ते तेल बाजारातून काढलं. नावांची गफलत आपल्याकडेही होते. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या नावांचं भांडण 1962 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. साधं गिऱ्हाईक नाव अर्धवट लक्षात ठेवतं, त्याचा गोंधळ होईल, असं कोर्टाने मानलं. मला विचाराल तर आपल्या फडताळातल्या सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांनाही तेच लागू आहे.

म्हणून, बायांनो, दोन वर्षांखालच्या लेकराला कापूर, निलगिरी, पुदिन्याचं सत्त्व काहीही लावू नका, नाकाजवळ नेऊ नका, पाळण्याला कापराची पुरचुंडी बांधू नका. बाळाच्या श्वासावर याचा परिणाम होऊ शकतो. मोठ्यांसाठीसुद्धा तेल नुसतं अंगाला लावायचं नाही. दोन छोटे चमचे खोबरेल घ्या, त्यात तीन-चार थेंब पुरेत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, खाज किंवा लाली आली तर ते तेल तुमच्यासाठी नाही. डोळ्यांच्या आसपास नको. दमा असलेल्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आणि पोटात घेणं तर नाहीच, घशासाठी साखरेवर दोन थेंब हा प्रकारही सोडा.

निलगिरीचं एक छोटा चमचा तेलही लहान मुलाला बेशुद्ध करू शकतं. कुणा लेकराने प्यायलंच, तर बोटं घालून उलटी काढू नका, मीठपाणी पाजू नका. पोर हसतं-खेळतं दिसलं तरी वाट बघू नका, कारण झटके काही मिनिटांत येऊ शकतात. 108 ला फोन लावा आणि दवाखान्यात जाताना ती बाटली सोबत न्या. डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतील.