डेटा उद्योगातील अभियंता-संस्थापक : आपल्या तरुणांसाठी माहिती

डेटा तंत्रज्ञान म्हणजे माहिती साठवणे, तपासणे आणि तिच्या आधारे निर्णय घेता येतील अशी यंत्रणा उभारणे. अभियंत्याने या क्षेत्रात स्वतःची कंपनी काढल्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे डॉ. आनंद देशपांडे. आयआयटी खरगपूर, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. आणि एचपीच्या प्रयोगशाळेत नोकरी, एवढी तयारी करून त्यांनी १९९० मध्ये पुण्यात 'पर्सिस्टंट सिस्टीम्स' सुरू केली. डेटाबेसच्या कामावर ती वाढली आणि २०१० मध्ये शेअर बाजारात आली.

परंडा तालुक्यातील सोनारीसारख्या गावांतून आपली मुलेही अभियंता होतात. पण घर त्यांच्या पहिल्या पगाराकडे डोळे लावून बसलेले असते. दोन वर्षे बिनपगारी धडपडण्याची मुभा कोण देणार? आमच्या मते खरी अडचण इथे आहे.

तिच्यावर दोन आधार माहीत असावेत.

आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन (२०२०) : अनुसूचित जातीच्या तरुणांच्या स्टार्टअपला तीन वर्षांत ३० लाख रुपयांपर्यंत भागभांडवल देण्यासाठी केंद्राने सुरू केलेली योजना. हे कर्ज नव्हे.

डिक्की (२००५) : स्थापत्य अभियंता मिलिंद कांबळे यांनी पुण्यात स्थापन केलेली दलित उद्योजकांची संघटना.

१९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. म्हणून जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातही वेळीच काढून ठेवावा. अर्जापूर्वी योजनेची सद्यःस्थितीही तपासावी.

जय भीम.