कल्पनेतला सांधा

2009 साली डोंबिवलीत आमच्या घरी एकच कॉम्प्युटर होता आणि मला दोन हवे होते. दुसरा विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तो पहिल्याच्या पोटातच बसवायचं ठरवलं. व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर फुकट होतं. उबुंटूची सीडी तेव्हा मागितली की पोस्टाने घरी यायची, तीही फुकट. रात्री दीडच्या सुमारास खिडकीतल्या खिडकीत दुसरं मशीन सुरू झालं आणि मला अगदी धन्य वाटलं.

पुढचा प्रश्न इंटरनेटचा. सेटिंगमध्ये एक ड्रॉपडाऊन होता. त्यात नॅट, ब्रिज्ड, होस्ट-ओन्ली असे शब्द. कुठल्याशा पीडीएफमध्ये वाचलं होतं की मशीन नेटवर्कवर ‘खऱ्यासारखं’ दिसायला हवं असेल तर ब्रिज्ड निवडा. खऱ्यासारखं कोणाला नको असतं? मी ब्रिज्ड निवडलं. बाहेरच्या कॉम्प्युटरवर नेट व्यवस्थित चालू, आतल्यावर शून्य. तीन रात्री मी उबुंटूला दोष दिला.

दोष गच्चीवर होता. आमचं इंटरनेट केबलवाल्याचं. गच्चीवरच्या पेटीतून निळी वायर खिडकीतून घरात आलेली. कनेक्शन देताना आलेल्या मुलाने आमच्या कॉम्प्युटरचा मॅक अॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरांचा नंबर, वहीत लिहून नेला होता. त्या वायरवरून तेवढाच नंबर आत येणार, बाकी सगळे बाहेर. आई त्याच्याशी भांडली तेव्हा तो म्हणाला, “काकू, एका कनेक्शनवर एकच पीसी. सिस्टीमच तशी आहे.” ब्रिज्ड केल्यावर आतलं मशीन स्वतःच्या नावाने बाहेर बोलत होतं. व्हर्च्युअलबॉक्स जन्माला घालतो त्या प्रत्येक कार्डाचा नंबर 08:00:27 ने सुरू होतो. हे नाव केबलवाल्याच्या वहीत नव्हतं. चौथ्या रात्री कंटाळून मी नॅट निवडलं आणि दहा सेकंदांत गुगल उघडलं.

का उघडलं, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. आता वाटतं की त्या ड्रॉपडाऊनमधला प्रत्येक पर्याय म्हणजे कोणाच्या तरी जुन्या अडचणीवर कोणीतरी काढलेली वाट आहे. अडचण बहुतेक एकच: वाटेत बसलेला माणूस, किंवा पेटी, तुम्हाला ओळखते का?

आपल्याकडे ही गोष्ट कल्याणपासून सुरू करायला हरकत नाही. 1853 च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, पुढच्या वर्षी मे महिन्यात ती कल्याणला पोचली. ठाण्यापर्यंत एकच दिशा होती, त्यामुळे निवडायचा प्रश्न नव्हता. कल्याणला तो आला. एक फाटा कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. 1863 मध्ये बोरघाट आणि 1865 मध्ये थळघाट खुला झाल्यावर तर अर्ध्या देशाची वाट इथे फुटू लागली. गाडी कुठल्या रुळावर जाणार हे इंजिनचा ड्रायव्हर ठरवत नाही, रुळांचा सांधा ठरवतो. तो सांधा बदलणाऱ्याला आपण सांधेवाला म्हणत आलो. अमेरिकेत याच सांध्याला स्विच म्हणतात.

टेलिफोन आल्यावर सांधेवाल्याच्या जागी ऑपरेटर बाई बसल्या. समोरच्या फळ्याला नावच स्विचबोर्ड. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा, अंत्यविधीचं सामान आणि सोय पुरवणारा एक व्यावसायिक होता. असं सांगतात की प्रतिस्पर्ध्याची बायकोच ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरची गिऱ्हाइकं ती नवऱ्याकडे जोडून द्यायची. गोष्ट खरी असो वा रचलेली, 1891 मध्ये त्याला स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट मिळालं हे नक्की. सांध्यावरचा माणूस हटला आणि नंबर फिरवणारा ग्राहक स्वतःच सांधेवाला झाला.

कॉम्प्युटरच्या नेटवर्कमध्ये मात्र सुरुवातीला सांधाच नव्हता. 1973 मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेटची कल्पना निघाली ती एका सामायिक वायरीची. चाळीच्या गॅलरीत उभं राहून हाक मारावी तसं. ऐकू सगळ्यांना येणार, ज्याचं नाव त्याने ओ द्यायची. दोघं एकदम ओरडले तर थांबून पुन्हा ओरडायचं. बिऱ्हाडं वाढली की हे जमत नाही. 80 च्या दशकात डेक कंपनीने ब्रिज बनवला, दोन वायरींच्या मध्ये बसणारी पेटी. ही पेटी नव्या सोसायटीतल्या वॉचमनसारखी शिकते. कोण कुठल्या जिन्यातून उतरलं ते पाहून ठेवते आणि पुढच्या वेळी त्याचं पार्सल त्याच जिन्याने पाठवते. माहीत नसेल तर सगळ्या जिन्यांतून हाक. ड्रॉपडाऊनमधलं ‘ब्रिज्ड’ हे याच पेटीचं नाव.

अशा बऱ्याच ब्रिजांची एक वेगवान पेटी 1990 च्या आसपास बाजारात आली. सात पोर्टांचा इथरस्विच. बनवणारी कंपनी सिलिकॉन व्हॅलीतली आणि तिचं नाव कल्पना. संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांनी पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. 1994 मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली. जगातला पहिला इथरनेट स्विच कल्पनेतून आला, हा विनोद मराठीत आपोआप होतो, मी मुद्दाम केलेला नाही. आणि पुढे दहा वर्षांत तो पुन्हा कल्पनेतच गेला.

व्हीएमवेअर कंपनी 1998 ची. एका खऱ्या यंत्रात अनेक यंत्रं भासवायची हे आयबीएमच्या मोठ्या मशिनांवर 60 च्या दशकापासून चालू होतं, व्हीएमवेअरने ते साध्या पीसीवर आणलं. यंत्र भासवलं की त्याचं नेटवर्क कार्डही भासवावं लागतं, आणि कार्ड आलं की त्याची वायर कुठेतरी खुपसावी लागते. म्हणून मग व्हर्च्युअल स्विच. पत्रा नाही, दिवे नाहीत, मेमरीतली एक यादी. गंमत अशी की व्हीएमवेअरचा साधा स्विच शिकत नाही. वॉचमनला शिकावं लागतं कारण तो बाहेरून आलेला असतो. हा स्विच त्याच घरात जन्मलेला. कुठलं मशीन कुठल्या पोर्टवर आहे, त्याचा मॅक काय, हे त्याला आधीच ठाऊक असतं, कारण ते सगळं त्याच सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. म्हणूनच त्याच्या सुरक्षेच्या पानावर विचारलेलं असतं की आतल्या मशीनने आपला नंबर बदलला तर चालेल का, आणि दुसऱ्याच्या नंबराने पत्र पाठवलं तर सोडायचं का. केबलवाल्याची वहीच ती, फक्त आत सरकलेली.

आता नॅट. हे समजायला तुमच्या आईबाबांची फोन नंबरांची जुनी डायरी काढा. काही नावांपुढे कंसात ‘पीपी’ लिहिलेलं दिसेल. फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे दिवस होते ते. ज्यांच्याकडे फोन नव्हता ते शेजाऱ्यांचा नंबर द्यायचे. आमचा पीपी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकू. आम्ही त्यांच्याकडून फोन केला तर काही अडचण नाही. पलीकडच्याला वाटायचं काकूंच्या घरूनच फोन आला, आणि त्याचं उत्तर आम्हालाच मिळायचं, कारण आम्ही तिथेच उभे. पण बाहेरून आमच्यासाठी फोन आला तर? काकूंनी ओळखायला हवं की हा वरच्यांचा, मग जिन्यात येऊन हाक. नॅट म्हणजे ह्या काकू. बाहेर एकच नंबर दिसतो, आत कितीही बिऱ्हाडं. आतून बाहेर सगळं सोपं, बाहेरून आत यायचं तर आधी सांगून ठेवावं लागतं. त्या सांगून ठेवण्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. 1994 मध्ये नॅट कागदावर आलं तेही याच कारणाने: इंटरनेटचे पत्ते पुरणार नाहीत ही भीती. होस्ट-ओन्ली म्हणजे सोसायटीचा इंटरकॉम. आपापसात बोला, बाहेर नाही.

आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटचा पत्ता? आतल्या मशीनला तो बहुतेकदा 10.0.2.15 देतो. माझ्या 2009 च्या उबुंटूलाही तोच मिळाला होता. हा आकडा आला 1995 मधून. त्या वर्षी 15 ऑगस्टला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळायचं ते शेल खातं, त्यात फक्त अक्षरं, चित्रं नाहीत. ठाणेकर मुंबईच्याच 022 मध्ये, डोंबिवली-कल्याणचा कोड 0251, त्यामुळे मुंबईच्या मोडेमला फोन लावायचा तर आमच्याकडून आधी 022. जगभर अशी शेल खाती होती आणि जगभर विद्यार्थी वैतागलेले होते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात डॅनी गॅस्पारोव्स्कीने स्लर्प नावाचा प्रोग्राम लिहिला. तो शेल खात्यात एक सामान्य प्रोग्राम म्हणून बसायचा आणि तुमच्या पीसीची सगळी बोलणी स्वतःच्या नावाने करायचा. वरच्या अधिकाऱ्याची परवानगी नको, मशीनवर खास हक्क नको. पीसीला तो पत्ता द्यायचा 10.0.2.15.

शेल खाती गेली, मोडेम गेले, स्लर्प राहिला. क्यूएमूने तो घेतला, व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटचं मूळही तिथेच. म्हणजे त्या रात्री माझं आतलं मशीन केबलवाल्याच्या वहीला वळसा घालून बाहेर गेलं ते 1995 च्या एका गरीब विद्यार्थ्याच्या युक्तीने. गच्चीवरच्या पेटीला दिसत होता फक्त आमचा एकुलता एक पीसी, जरा जास्त बोलणारा. पुढे राउटर घेतला तर त्यातही ‘क्लोन मॅक’ असं एक बटण होतं. पहिल्या पीसीचा नंबर राउटरने चोरायचा आणि वही लिहिणाऱ्याला कळू द्यायचं नाही. केबलवाला फक्त आमच्याच गच्चीवर नव्हता तर.

आज मी ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला जातो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आता डेटा सेंटर उभी आहेत, आणि त्यातल्या एका खोलीतल्या रॅकवर मी जे सांधे बदलतो ते हाताला लागत नाहीत. पण चुकतात मात्र खऱ्यासारखेच. मागच्या पावसाळ्यात आमच्या टीमने एका चालू मशीनची नक्कल करून दुसरं उभं केलं. घाईत मॅकही जसाच्या तसा आला. दोन्ही मशीनं वेगवेगळ्या सर्व्हरवर, आणि मधला खरा स्विच बिचारा शिकणारा. एकाने पत्र पाठवलं की तो म्हणायचा हा या जिन्यात राहतो, दुसऱ्याने पाठवलं की म्हणायचा नाही, त्या. दोन तास निम्मी पत्रं चुकीच्या दारात. चूक एका चौकटीची होती, नवा मॅक तयार करा म्हणणाऱ्या. मीच ती टिक करायला विसरलो होतो.

त्या रात्री परतताना ठाण्याहून टिटवाळा गाडीत आमच्याकडचा नवा मुलगा बरोबर होता. त्याने विचारलं, “दादा, माझ्या लॅपटॉपवरच्या मशीनला नेहमी 10.0.2.15 च का मिळतो?” मी विचारलं, पीपी नंबर म्हणजे काय माहीत आहे का. नाही म्हणाला. दिवा सुटलं होतं आणि मला डोंबिवलीला उतरायचं होतं, म्हणून मी काकूंपासून सुरुवात केली.