गुडघा, पायरी आणि फिजिओ : प्रस्तावना

काशीच्या भोसले घाटावर आलेला नागपूरकर आधी लक्ष्मीनारायणाच्या देवळाकडे पाहतो आणि मग पायऱ्यांकडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांनी बांधवलेला हा घाट चांगलाच उभा आहे. साठी उलटलेल्यांना इथे लगेच जाणवते की दम लागतो चढताना, पण गुडघा बोलतो तो उतरताना. असे का होते आणि त्यावर काय करता येते, हे ज्या शास्त्राला ठाऊक आहे त्याला आपण फिजिओथेरपी म्हणतो.

उतरताना एक पाय खालच्या पायरीकडे निघालेला असतो आणि सगळा भार वरच्या पायावर असतो. त्या मांडीच्या पुढच्या स्नायूला लांब होत होत भार पेलायचा असतो, विहिरीत भरली घागर सोडताना दोर हातातून बेताने सुटावा तसा. या क्षणी गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास दाब येतो. स्नायू दुबळा असला की पाऊल धपकन पडते. म्हणून कित्येक म्हातारी माणसे घाट तिरकी होऊन उतरतात. जाणता फिजिओ आधी तुमची चाल पाहतो. हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगतो, अर्ध्या मिनिटात किती वेळा उठबस होते ते मोजतो, एका पायावर उभे करतो, गुडघा किती अंशांत वाकतो ते कोनमापकाने पाहतो. तुम्हाला नेमके काय करायचे आहे, स्नानाला उतरायचे की पूजेला मांडी घालून बसायचे, हेही विचारतो. यंत्राची पाळी त्यानंतर.

आपल्याकडे मात्र ‘शेक घ्यायला जातो’ असेच म्हणायची रीत आहे. शेक, करंट, कमरेला वजन लावणे यांनी काही काळ बरे वाटते, आणि दुखणे कमी झाले की व्यायाम करवतो, एवढा त्यांचा उपयोग खरा. पण गुडघ्याच्या झिजेवरचे मुख्य औषध व्यायाम हेच आहे. त्याला गोळीसारखी मात्रा असते आणि ती हळूहळू वाढवावी लागते. सगळ्यांना सारखेच मशीन लावून पडदा ओढून घेणाऱ्या आणि तुम्हाला चार पावलेही चालायला न लावणाऱ्या ठिकाणी दुसऱ्यांदा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे शास्त्र तसे तरुण आहे. 1813 मध्ये स्टॉकहोमला पेर हेन्रिक लिंग यांनी व्यायामविद्येची संस्था काढली. 1894 मध्ये लंडनला चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्यांसाठी शिस्तबद्ध संघटना उभी केली. महायुद्धातले जखमी आणि पोलिओची मुले यांनी हे शास्त्र रुग्णालयात आणले. भारतात त्याचे पद्धतशीर शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 च्या दशकाच्या सुरुवातीस, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, सुरू झाले. 1955 मध्ये मुंबईतच हाजी अलीजवळची पुनर्वसन संस्था उभी राहिली. बाळंभटदादा देवधरांच्या मल्लखांबाचा किंवा बनारसी आखाड्यांतल्या जोडी-गदेचा वारसा आपल्याला होताच, पण तो धडधाकट शरीर घडवण्याचा. पक्षाघातानंतर हात पुन्हा हलता कसा करायचा, हा प्रश्न वेगळा.

फिजिओ जवळचा हवा, आणि तो केवळ सोयीसाठी नव्हे. उपचार सहसा काही आठवडे चालतात, आठवड्यातून दोनतीनदा जावे लागते. घाटामागच्या गल्ल्यांत रिक्षा शिरत नाही, तेव्हा येण्याजाण्यातच गुडघा सुजत असेल तर शहराच्या लंका भागातला नामांकित दवाखाना काय कामाचा? बनारस हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात निदान करून घ्यावे आणि पुढचा व्यायाम घराजवळ करावा, हे बरे. कबीरचौऱ्याचे सरकारी रुग्णालय या मोहल्ल्यांना जवळ पडते. तिथेही चौकशी करावी. घरी येणारे फिजिओही असतात, आणि तुमचा जिना त्यांनी पाहिलेला बराच.

पदवी विचारायला संकोचू नये. बीपीटी ही पदवी, एमपीटी ही तिच्या पुढची. नोंदणीही पाहावी: महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र परिषद आहे, आणि 2021 च्या केंद्रीय कायद्याने हा व्यवसाय देशभर नियमांच्या कक्षेत आणला. घाटावरच्या मालिशवाल्याकडून अंग रगडून घ्यायला माझी ना नाही. फक्त शस्त्रक्रिया झालेला गुडघा त्याच्या हाती देऊ नये.

काही दुखणी मात्र व्यायामाने लांबवायची नसतात. रात्री झोपू न देणारी वेदना, सोबत ताप किंवा उतरत जाणारे वजन, एकाच पोटरीला अचानक आलेली सूज, पाठदुखीबरोबर लघवीवरचा ताबा जाणे किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, यांतले काहीही आढळले तर चांगला फिजिओ व्यायाम थांबवतो आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे धाडतो.