रमाई : कष्टांच्या सावलीतील तेजस्वी जीवन

कोल्हापूर संस्थानातील कागल जहागिरीत त्या काळी मोडणाऱ्या माणगाव येथे २१ व २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची ऐतिहासिक परिषद भरली. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या रूपाने समाजाला त्याचा खरा पुढारी लाभल्याचे जाहीर केले. त्यानंतर काही महिन्यांतच बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला रवाना झाले. मुंबईत परळच्या चाळीतील संसाराचा भार पुन्हा एकदा त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या खांद्यावर आला. माणगावच्या इतिहासाची ही दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही.

बालपण आणि विवाह

रमाबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी झाला. दापोलीजवळचे वणंद हे त्यांचे गाव. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहून कुटुंबाचा उदरनिर्वाह करीत. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने ही भावंडे नातलगांच्या आधाराने मुंबईत आली. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दिवसभराचे व्यवहार आटोपल्यानंतर, भीमरावांशी त्यांचा विवाह झाला. वधूचे वय तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांचे होते, तर वर शाळेत शिकत होता.

संसार आणि वियोग

१९१३ ते १९१७ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्क व लंडन येथे, तर १९२० ते १९२३ या काळात पुन्हा लंडन येथे होते. या दोन्ही वियोगांत रमाबाईंनी अर्धपोटी राहून घर चालविले. आपल्या परदेशातील वास्तव्यात पत्नीने शेणाच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या, याची कृतज्ञ नोंद पुढे बाबासाहेबांनीच 'बहिष्कृत भारत' पत्रात केली. दारिद्र्याहून मोठा घाव अपत्यवियोगाचा होता. पाच अपत्यांपैकी केवळ यशवंत जगले. सर्वांत धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये दगावला आणि त्या आघाताने मातापिता दोघेही खचून गेले.

रमाबाई श्रद्धाळू होत्या. पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचे दर्शन घ्यावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु ज्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश नाही, तेथे दुरून दर्शन घेण्यास बाबासाहेबांची संमती नव्हती. आपण दुसरी पंढरी निर्माण करू, अशा शब्दांत त्यांनी पत्नीची समजूत घातल्याचे चरित्रकार सांगतात. दादरच्या राजगृहात दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९५६ साली नागपुरात झालेली धम्मदीक्षा पाहण्यास त्या हयात नव्हत्या.

सांस्कृतिक वारसा

'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी 'रामू'ला अर्पण केला. तिचे चारित्र्य, मनाचा मोठेपणा आणि हालअपेष्टांत साथ देण्याची वृत्ती यांचा गौरव त्या अर्पणपत्रिकेत आहे. समाजाने त्यांना 'रमाई' म्हणून मातेचे स्थान दिले. भीमगीतांतून, जलशांतून आणि ७ फेब्रुवारीच्या जयंती सोहळ्यांतून हे नाव घराघरांत पोहोचले. यशवंत मनोहर यांची 'रमाई' ही कादंबरी आणि त्यांच्या जीवनावरील चित्रपट ही त्याचीच रूपे होत. ग्रामीण व शहरी भागांतील अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठीच्या राज्य शासनाच्या घरकुल योजनेलाही रमाईंचे नाव आहे. आयुष्याचा बराच काळ चाळीच्या खोल्यांत संसार रेटलेल्या स्त्रीचे नाव घरकुलाला लाभावे, यात मोठे औचित्य आहे.

या नावाशी वेदनाही जोडलेली आहे. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात दहा जणांचा बळी गेला.

रमाबाईंचे स्मरण बहुधा त्यागमूर्ती म्हणून केले जाते. मात्र तो त्याग केवळ पतिनिष्ठेपुरता नव्हता. ज्या विद्वत्तेने पुढे कोट्यवधींना हक्क मिळवून दिले, त्या विद्वत्तेची किंमत प्रथम त्यांच्या घराने मोजली. माणगावच्या परिषदेचे स्मरण करताना परळच्या त्या खोलीचाही विसर पडू नये.