जाळीकडून वहीकडे : ब्रिटनमधील फुलपाखरू व पतंग नोंदणीची स्वयंसेवी परंपरा

प्रस्तावना :

विज्ञानाच्या इतिहासात प्रयोगशाळा आणि विद्यापीठे यांची दखल आधी घेतली जाते. हौशी निरीक्षकांना बहुधा तळटीपेत स्थान मिळते. फुलपाखरे व पतंग यांच्या बाबतीत मात्र हा क्रम बदलावा लागतो. ब्रिटनमधील या कीटकांविषयी आज जे ज्ञात आहे, त्याचा फार मोठा भाग शिक्षक, धर्मोपदेशक, डॉक्टर, कारकून अशा विनावेतन निरीक्षकांच्या नोंदींतून जमा झालेला आहे. या नोंदींचे मोल कशात आहे आणि त्यांची मर्यादा कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संग्राहकांचा काळ :

लंडनमधील ऑरेलियन सोसायटी हे कीटकप्रेमींच्या अगदी आरंभीच्या मंडळांपैकी एक. १७४८ मध्ये कॉर्नहिल भागात लागलेल्या आगीत मंडळाचे संग्रह व ग्रंथ जळाले आणि मंडळही संपले. पुढे एकोणिसाव्या शतकात फुलपाखरे पकडणे हा सुशिक्षितांचा आवडता छंद झाला. या संग्राहकांवर आज टीका होते आणि ती काही अंशी रास्तही आहे. परंतु टाचणीखालच्या चिठ्ठीवर स्थळ व दिनांक लिहिण्याची सवय त्यांचीच. पेपर्ड मॉथ या पतंगाचे काळे रूप १८४८ मध्ये मँचेस्टरला आढळले आणि औद्योगिक शहरांभोवती ते हळूहळू वाढत गेले, हे अशाच नोंदींमुळे कळले.

याच मनोवृत्तीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १८८३ मध्ये शहरातील आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते.

मोजणीची शिस्त :

संग्राहकांच्या नोंदींत एक मोठा दोष होता. दुर्मिळ व विचित्र ते लिहिले जाई; रोज दिसणाऱ्या पांढऱ्या फुलपाखराची कोणी दखल घेत नसे. त्यामुळे एखादी सामान्य जात घटत असली तरी ते समजण्याचा मार्ग नव्हता. १९६४ मध्ये मंक्स वूड येथे जैविक नोंद केंद्र सुरू झाले. तेथील जॉन हीथ यांनी १९६७ पासून देशभरातील स्वयंसेवकांकडून फुलपाखरे व पतंगांच्या नोंदी मागविण्यास प्रारंभ केला. १९६८ मध्ये फुलपाखरू संवर्धनाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

खरा बदल घडविला तो अर्नेस्ट पोलार्ड यांच्या पद्धतीने. ठरावीक वाटेवरून एप्रिल ते सप्टेंबर दर आठवड्याला चालायचे, सुमारे पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यात दिसतील तेवढीच फुलपाखरे मोजायची, आणि ऊन व तापमान ठरलेल्या मर्यादेत असेल तरच निघायचे. काही दिसले नाही तर शून्य लिहायचे. १९७६ मध्ये ही मोजणी राष्ट्रीय पातळीवर सुरू झाली. नियम साधे असल्याने शाळामास्तरालाही ती जमली. भारतातील अभ्यासकही आज ती वापरतात. कंटाळवाणी म्हणावी अशी ही शिस्तच तिचे बळ ठरली.

लार्ज ब्लूचा धडा :

तथापि एखादी जात घटत आहे हे मोजणीने कळते; ती का घटते, हे दरवेळी कळत नाही. लार्ज ब्लू हे निळे फुलपाखरू याचे बोलके उदाहरण होय. त्याची संख्या दीर्घकाळ उतरत होती आणि दोष संग्राहकांवर ठेवला जात होता. काही जागा राखीव करण्यात आल्या. कोठे कुंपणही घातले गेले. कुंपणाने संग्राहक अडले, तशी गुरेही अडली.

१९७० च्या दशकात जेरेमी थॉमस यांनी उरल्यासुरल्या वसाहतींत बसून बारकाईने निरीक्षण केले. या फुलपाखराची अळी आरंभी थाइमची फुले खाते, मग जमिनीवर उतरते. लाल मुंग्या तिला आपलीच अळी समजून वारुळात नेतात आणि तेथे ती मुंग्यांच्या अळ्यांवर वाढते. मात्र ती चांगली जगते ती मिर्मिका सॅब्युलेटी या एकाच जातीच्या वारुळात. या मुंगीला उन्हाने तापलेली जमीन, म्हणजेच अगदी आखूड चरलेले गवत लागते. चराई थांबली होती, आणि १९५० च्या दशकात मिक्सोमॅटोसिस या साथीने ससेही मेले होते. गवत वाढले, जमीन थंडावली, मुंगी गेली. उलगडा झाला, पण उशिरा. १९७९ मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नामशेष झाले.

१९८३ पासून स्वीडनमधून आणलेल्या अळ्यांच्या साहाय्याने त्याचे पुनर्वसन सुरू झाले. चराई पुन्हा सुरू करणे आणि झुडपे काढणे हे त्यातील मुख्य काम. सद्भावनेने उभारलेल्या कुंपणापेक्षा गाईच्या दातांनी अधिक काम केले, असे म्हणावयास हरकत नाही.

रात्रीचे सापळे :

पतंगांकडे लक्ष जाण्यास वेळ लागला. रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात सी. बी. विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात प्रकाशसापळा लावून रोज पतंग मोजले. १९६० च्या दशकात अशा सापळ्यांचे देशव्यापी जाळे उभे राहिले. सर्वत्र एकाच प्रकारचा दिवा असल्याने वर्षांची तुलना शक्य झाली. सापळ्यांची निगा बहुतांशी स्वयंसेवकांनीच राखली. गार्डन टायगर हा रंगीत पतंग आणि त्याची केसाळ अळी एके काळी मुलांच्या परिचयाची होती. तिची मोठी घट या आकड्यांनी उघड केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, १९६८ ते २०१७ या काळात सापळ्यांत सापडणाऱ्या मोठ्या पतंगांची एकूण संख्या ३३ टक्क्यांनी घटली. दक्षिण ब्रिटनमध्ये ही घट ३९ टक्के, तर उत्तरेत २२ टक्के होती. ज्यांनी पहिली काही वर्षे सकाळी उठून सापळे रिकामे केले, त्यांच्यापैकी कित्येकांना हा आकडा पाहता आला नाही.